गेनलांचे मिटलेले डोळे

हंबीरराव लाड फोटो काढायला बाहेर निघाले की घरातलं कुणी त्यांच्याशी बोलायला जात नसे. कारण काहीही विचारलं तरी ते उत्तर न देता उलट विचारत, "स्टँडचा स्क्रू घेतला ना?" स्क्रू घेतलेला असे. काळं कापड, काचा, भिंग, सगळं घेतलेलं असे. तरी ते रस्त्याच्या वळणावरून एकदा परत येत, पिशवी उघडून बघत आणि मगच जात. त्यांची बायको कौशल्या दार लावून घ्यायची ती ते परत येऊन गेल्यावरच.

बेंगळुरात बसवनगुडीला त्यांचा 'भवानी फोटो स्टुडिओ' होता. त्यांच्या वडिलांनी तो थाटला आणि वडिलांनीच एक शिस्तही घालून दिली. आजूबाजूला मठ पुष्कळ. मठांतल्या स्वामींचे फोटो घरोघर पूजेला लागत. पण कॅमेऱ्याचा भाता कातड्याचा, आणि सोवळ्यात कातडं चालत नाही. म्हणून वडिलांनी भाता काढून जाड काळ्या कापडाचा शिवून घेतला, पेटीलाही कापडाची खोळ केली. तेव्हापासून मठात लाडांच्या कॅमेऱ्याला आडकाठी नव्हती. हंबीरराव स्वतः पहाटे आंघोळ करून, ओल्या पंच्यानं जात. स्वामींच्या अंगावर सावली पडू देत नसत. या बाबतीत आपण कुठे चुकणार नाही, एवढा एकच भरवसा त्या घाबरट माणसाला स्वतःबद्दल होता.

तो भरवसा गेला एकोणीसशे बासष्ट साली. त्याला निमित्त झाला जयतीर्थ.

जयतीर्थ शेजारच्याच गल्लीतला. तो म्हैसुरापलीकडे बैलकुप्प्याला ओव्हरसियर होता. तिबेटातून आलेल्या निर्वासितांसाठी तिथे जंगल तोडून वसाहत उभी राहत होती. एका रविवारी तो स्टुडिओत आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "हंबीरण्णा, एक फोटो काढायचा आहे. एकच. आणि तो चुकला तर तीन वर्षं दुसरा नाही."

हंबीररावांनी हातातली काच खाली ठेवली.

वसाहतीत एक वृद्ध लामा होते. सगळे त्यांना गेनला म्हणत, म्हणजे आपल्याकडे गुरुजी म्हणतात तसं. त्यांचे शिष्य हिमालयात रस्ते बांधायच्या कामावर पांगले होते. कुणी कुलूला, कुणी सिक्कीमला. गुरू जिवंत आहेत एवढंच त्यांना ऐकून माहीत होतं. आता गेनला एकांतात बसणार होते. खोलीचं दार बाहेरून बंद व्हायचं ते तीन वर्षांनी उघडायचं. तोवर जेवण देणाऱ्या एका भिक्षूशिवाय कुणी त्यांना बघायचं नाही. वय बघता, दार उघडेल तेव्हा काय असेल हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. शिष्यांनी निरोपावर निरोप पाठवले होते, निदान एक फोटो पाठवा. गेनलांचा फोटो आजवर कधी निघालेला नव्हता. आता ते कसेबसे तयार झाले होते.

"मग तिथल्या जवळच्या कुणाला तरी..." हंबीरराव म्हणाले.

"एक जण आला होता. त्यानं देव्हाऱ्याच्या पायरीवर चढून वरून फोटो घ्यायला बघितला आणि फटकन फ्लॅशचा दिवा उडवला. त्याला हात धरून बाहेर काढला. मी म्हटलं, आमच्याकडे एक माणूस आहे. कॅमेऱ्यालासुद्धा सोवळं नेसवतो."

कौशल्या आतून हसली. हंबीरराव हसले नाहीत.

बसमध्ये म्हैसूर येईपर्यंत त्यांनी जयतीर्थाला छळछळ छळलं. नमस्कार उभ्यानं की पडून? त्यांच्याकडे पाठ झाली तर? डोक्यावर टोपी ठेवायची का काढायची? जयतीर्थ शेवटी म्हणाला, "अहो, मला विचारू नका, मी तिथे पाण्याचे नळ घालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीररावांनी वसाहतीतल्या नळाच्या गार पाण्यानं आंघोळ केली आणि ओल्या पंच्यानं, उघड्या अंगानं, कुडकुडत प्रार्थनेच्या झोपडीपाशी जाऊन उभे राहिले. बांबूच्या भिंती, वर पत्रा, आत लोण्याचे दिवे. दारातले भिक्षू त्यांच्याकडे बघतच राहिले. मग एक जण लगबगीनं आत गेला आणि जाड लोकरी घोंगडं आणून त्यानं यांच्या खांद्यावर टाकलं. दुसऱ्यानं खारट, तुपकट चहाचा पेला हातात दिला. तो चहा घशाखाली उतरवताना हंबीररावांना कळून चुकलं, की आपला शिष्टाचार इथे कामाचा नाही. इथला कोणता, ते ठाऊक नाही.

सुदैवानं लोबसांग भेटला. चाळिशीतला, गेनलांची सेवा करणारा भिक्षू. दार्जिलिंगकडे राहून हिंदी शिकलेला. हंबीररावांचंही हिंदी लंगडंच होतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. लोबसांगनं सांगितलं, मूर्ती आपल्या उजव्या हाताला ठेवून वळसा घालून यायचं. पाय त्या दिशेला करायचे नाहीत. गेनलांना आणि त्यांच्या पोथ्यांना ओलांडायचं नाही. त्यांच्या आसनापेक्षा उंच राहायचं नाही.

"कॅमेरासुद्धा?" हंबीररावांनी विचारलं.

लोबसांगनं कॅमेऱ्याकडे बघितलं. "हे आजवर कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "पण खाली असलेला बरा."

तेव्हा हंबीररावांनी स्टँडचे पाय अगदी आखूड केले आणि स्वतः गुडघ्यांवर बसले. काळ्या कापडाखाली डोकं घालायचं तर त्यांना जवळजवळ लोटांगणच घालावं लागत होतं.

गेनलांनी लोबसांगकरवी एकच अट सांगितली होती. मी जसा बसतो तसा बसेन. मला हलवू नका, बोलावू नका. जे असेल तेच दिसू दे, त्यात कुणाचा हात नको.

"वचन देता?" लोबसांगनं विचारलं.

"दिलं," हंबीरराव म्हणाले.

गेनला ध्यानाला बसले. पापण्या खाली उतरलेल्या, नजर नाकाच्या शेंड्यापाशी कुठेतरी. दारातून येणारा उजेड गालावर पडला होता. हंबीररावांची बोटं एरवी माणसाच्या हनुवटीकडे आपोआप जात. 'स्वल्प वर... हां, अशी,' म्हणत त्यांनी गावभरच्या हनुवट्या वळवल्या होत्या. आज तो हात त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. श्वास रोखून त्यांनी भिंगाचं झाकण काढलं, मनात भवानीचं नाव घेतलं आणि झाकण परत लावलं.

परतीच्या बसमध्ये ती काच त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

बेंगळुरात काच धुऊन बघितली तेव्हा जीव भांड्यात पडला. सुरेख आलं होतं. चेहऱ्यावरची रेघन् रेघ, जपमाळेचा मणी न् मणी. निगेटिव्ह वाळत लावून त्यांनी कौशल्येला बजावलं. बोट लावू नकोस. जमिनीवर ठेवू नकोस. लग्नाच्या काचांत मिसळू नकोस. खालच्या फळीवर ठेवू नकोस. वरून ओलं काही सांडेल असं ठेवू नकोस.

"सरी, सरी, कळलं," कौशल्या म्हणाली. "या आधी मी काच बघितलीच नाही ना!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. स्टुडिओचं रिटचिंग तीच करायची. सासऱ्यांनी शिकवलं होतं. खिडकीपाशी उतरतं मेज, त्यात काच बसवायची, मागून आरशानं उजेड घ्यायचा. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की कागदावर ती जागा उजळते. चाकूच्या टोकानं खरवडलं की काळी होते. त्या दोन हत्यारांनी कौशल्येनं पुष्कळांच्या देवीचे वण घालवले होते. आणि तिची खरी ख्याती आणखी एका कामाची होती. घरातलं म्हातारं माणूस गेलं, आणि त्याचा एकही फोटो नाही असं निघालं, की लोक हंबीररावांना बोलावून नेत. ते गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन येत आणि कौशल्या त्याचे डोळे उघडून देई. भिंतीवरच्या हारातून आजोबा असे बघायचे, की नातवंडं त्यांच्यासमोर खोड्या करत नसत.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांना आनेकलला एका मुंजीचं काम होतं. सकाळी गेले, दिवस कलताना परत आले. कौशल्या मेजापाशीच होती. उजेड गेला म्हणून पेन्सिली पुसून ठेवत होती.

"बघा," ती खुशीत म्हणाली. "तुमचे गेनला आपल्याकडे बघायला लागले."

हंबीररावांनी काचेवर वाकून बघितलं.

"हे काय केलंस?"

"काय म्हणजे? डोळे उघडले. तुमच्याकडून मिटलेले आले होते ना! दर वेळी तुमचं ठरलेलं, माणसानं नेमकी पापणी लववली म्हणून. मी कधी बोलून दाखवलं का?"

"अगं, लववली नव्हती! ते ध्यानात होते!"

"ध्यानात असोत नाहीतर झोपेत. जित्या माणसाचा डोळे मिटलेला फोटो कुणी घरात लावतं का? तो लावतात गेलेल्याचा. आणि गेलेल्याचेसुद्धा मी उघडते!"

बसवनगुडीत हे कुणालाही पटलं असतं.  हंबीरराव स्टूल ओढून बसले. एवढ्या सूचना दिल्या आणि ही एक दिली नाही. आपण त्या अटीबद्दल, वचनाबद्दल हिला अवाक्षर बोललो नाही. ते आता त्यांनी सगळं सांगितलं, लोबसांगनं विचारलं होतं त्या शब्दांसकट. ऐकता ऐकता कौशल्येचा चेहरा उतरत गेला.

"चाकू लावलास?" शेवटी त्यांनी विचारलं.

 "एका डोळ्याला," ती म्हणाली. "डाव्या. बुबुळासाठी. उजवा उद्या करणार होते."

पेन्सिल पुसता येते. चाकू पुसता येत नाही.

रात्री दोघंही जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. दार बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. हंबीररावांच्या डोळ्यांसमोर ते कुठले कुठले बर्फातले रस्ते येत होते, जे त्यांनी कधी बघितले नव्हते. तिथे एक माणूस फावडं टाकून हात पुसून फोटो घेतो आणि बघतो, तर आपले गुरू एखाद्या दुकानदारासारखे डोळे वटारून समोर बघताहेत.

सकाळी उजेड आल्याबरोबर टर्पेंटाइनची बाटली निघाली. हंबीररावांनी कापसाचा बोळा उचलला. कौशल्येनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "सरका. तुम्ही तिकडे बघा."

ते दुसरीकडे बघू शकले नाहीत. तिनं बोळा पिळून अगदी कोरडा केला आणि उजव्या पापणीवरून, फुंकर घालावी इतक्या हलक्यानं फिरवला. जरा जोर झाला असता तर पेन्सिलीबरोबर खालचा थरही गेला असता. पेन्सिलीनं काढलेला डोळा विरघळला आणि त्याखालून खरी पापणी जशीच्या तशी वर आली. मग डावी. तिथलीही पेन्सिल गेली. पण मध्यभागी चाकूचा खड्डा राहिला. कागदावर छापून बघितलं तेव्हा मिटल्या पापणीवर मोहरीएवढा काळा ठिपका उमटला.

"हा मी भरून देते," कौशल्या हलकेच म्हणाली. "पेन्सिलीनं. शेजारच्या सुरकुत्या आहेत तशाच पुढे नेते. देवालासुद्धा कळायचं नाही."

हंबीररावांनी फोटो खिडकीपाशी नेला. तिचं म्हणणं खरं होतं, कुणालाही कळलं नसतं. आणि आत्ता भरला तर शिष्यांना निर्दोष फोटो मिळणार होता, त्यांचीही अब्रू राहणार होती. पण मग ती पापणी कौशल्येची असती, गेनलांची नव्हे. नाही भरला, तर सगळ्या जन्मातला एकुलता एक फोटो डागाळलेला.

"मला नाही कळत," ते म्हणाले. "मी विचारून येतो. दार लागायच्या आत."

"मी येते," कौशल्या म्हणाली.

"तू कशाला?"

"चाकू कुणी लावला? आणि तुम्ही तिथे जाऊन सगळं आपल्या अंगावर घ्याल. मला माहिती आहे ना तुमचं."

बैलकुप्प्याला पोचले तेव्हा लोबसांग एकांताच्या झोपडीपाशी मातीचा गिलावा कालवत होता. दार लिंपून घ्यायची तयारी. हंबीररावांना वाटलं, उशीरच झाला. पण गेनला अजून बाहेर, उन्हात बसले होते.

लोबसांगनं हात धुतले, फोटो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि मग बघितला. त्याचं बोट ठिपक्यापाशी थांबलं.

"हे काय?"

 हंबीररावांच्या आधी कौशल्याच पुढे झाली. तिला हिंदी फार येत नव्हतं. कन्नड, मराठी, हिंदी, जे हाताला लागेल ते वापरत, बोटांनी स्वतःच्या पापण्या मिटत-उघडत तिनं सगळं सांगितलं. आमच्याकडे मिटलेले डोळे वाईट दिसतात. मी यांना विचारलं नाही. यांनी मला सांगितलं नाही. चाकू माझा. हवं तर मी हे भरून देईन, कुणाला कळणार नाही. नको म्हणाल तर नको.

लोबसांग हसला नाही. "त्यांनी एकच अट घातली होती," तो म्हणाला, आणि फोटो घेऊन गेनलांपाशी गेला.

 तिकडे गेनलांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. काही विचारलं. लोबसांग सांगत होता, मध्येच त्यानंही पापण्यांपाशी बोट नेलं. गेनलांनी मान वर करून कौशल्येकडे बघितलं आणि काहीतरी बोलले.

लोबसांग परत आला. "गेनला विचारतात, तुम्ही डोळे उघडलेत तेव्हा मी कुठे बघत होतो?"

कौशल्या गोंधळली. तिनं हंबीररावांकडे बघितलं, पण ते काय सांगणार. "समोर," ती म्हणाली. "म्हणजे... माझ्याकडे."

हे ऐकून गेनला पुन्हा फोटोकडे बघत बसले. मग बरंच काही बोलले. लोबसांगनं ते एकेक वाक्य करून सांगितलं. त्यांनी हात नको म्हटलं होतं आणि हात लागला. आता आणखी हात लावायचा नाही. ठिपका आहे तसा राहू द्या. जेवढ्यांना हवे तेवढ्यांना फोटो द्या. पण ज्याच्या हातात द्याल त्याला हा ठिपका कसा पडला ते सांगून द्या. न सांगता कुणालाही नाही.

"सगळ्यांना?" हंबीररावांनी विचारलं.

"सगळ्यांना. उत्तरेकडचे मी पाठवीन, त्यांना मी सांगेन. तुमच्या दुकानात येतील त्यांना तुम्ही."

गेनला उठले. दारातून वाकून आत गेले. लोबसांगनं गिलाव्याचा गोळा उचलला.

पुढची वर्षं स्टुडिओत अधूनमधून तिबेटी माणसं येत. कुणी इस्पितळात आलेला, कुणी थंडीत लोकरीचे स्वेटर विकायला आलेली. येत आणि फोटो मागत. हंबीरराव कपाटातून काच काढत, छापून आणत आणि प्रत्येक वेळी त्यांना घाम फुटे. अनोळखी माणसासमोर, त्याच्या गुरूच्या फोटोवरचा डाग दाखवून, तो आपल्या घरात कसा पडला हे सांगायचं. एकदा एक तरुण फोटो तसाच टाकून निघून गेला. एकदा एक भिक्षू ऐकून इतका हसला की बाहेर रस्त्यावरचे लोक डोकावले. पुढचा माणूस कोणता निघेल याचा अंदाज हंबीररावांना कधीच आला नाही. दारात लाल झगा दिसला की ते आतल्या बाजूला हाक मारत, "अगं, ये बाई लवकर!"

एका सकाळी पाठीवर स्वेटरांचं गाठोडं घेतलेली एक म्हातारी आली. तिला कन्नड येत नव्हतं, हिंदीही नाही. "गेनला," एवढंच ती म्हणाली. हंबीररावांनी फोटो समोर ठेवला. कौशल्येनं ओले हात पदराला पुसले, ठिपक्यावर बोट ठेवलं, मग स्वतःकडे बोट दाखवलं. डोळे मिटले. हातात नसलेली पेन्सिल हवेत फिरवली. मग डोळे मोठ्ठे उघडले. मग चाकू. मग कापसाचा बोळा.

म्हातारीनं सगळं नीट बघितलं. काही समजलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिनं फोटो डोक्यावर धरला, कोटाच्या आत छातीशी ठेवला आणि जायला वळली.

"कौशल्या," हंबीरराव मागून घाईनं कुजबुजले, "मी तुला वचनाचं सांगितलं नव्हतं, ते राहिलं. ते दाखव."

"ते कसं दाखवायचं?"

तोवर म्हातारी पायरी उतरली होती. हंबीरराव चपला न घालताच रस्त्यावर आले, तिच्यासमोर उभे राहिले, आपल्या छातीवर बोट ठेवलं आणि मग ते बोट तोंडावर आडवं धरून तसेच उभे राहिले.